साडेपंचेचाळीस हजेऱ्या

जूनच्या अंकात मी रत्नागिरीकडच्या एका आंब्याच्या शेडवर काढलेल्या उन्हाळ्याबद्दल दीड पान लिहिलं होतं. बी.कॉम.चं दुसरं वर्ष संपलं, आमचं कॉलेज स्वायत्त असल्यामुळे परीक्षा लवकर उरकली, 10 एप्रिलला पावसजवळच्या एका बागायतदारांकडे कामाला गेले आणि 31 मेला पुण्याला परत आले, एवढीच त्यातली हकिगत. त्यावर इतकी पत्रं येतील असं मला वाटलं नव्हतं. ती आली म्हणून या वेळचं प्रश्नोत्तरांचं पान संपादकांनी माझ्या गळ्यात घातलंय. सगळ्यांना उत्तरं देता आली नाहीत. ज्यांनी फक्त ‘पेटी मिळेल का’ एवढंच विचारलंय त्यांच्यासाठी: नाही, सीझन संपला, आणि मी व्यापारी नाही.

नेमके किती पैसे मिळाले? लेखात तुम्ही ते सफाईने टाळलं आहे.
– एक वाणिज्य शिक्षक, सातारा

सर, टाळलं नव्हतं, जागेअभावी कापलं गेलं. रोजची हजेरी साडेतीनशे रुपये. राहणं-जेवण बागायतदारांच्याच घरी, त्याचे पैसे धरले नाहीत. 52 दिवसांत माझ्या साडेपंचेचाळीस हजेऱ्या भरल्या, म्हणजे 15,925 रुपये. झाडावर चढणाऱ्या गड्यांना याहून बरेच जास्त मिळतात आणि ते मिळायलाच हवेत. जुन्या कलमाच्या शेंड्याला माणूस लोंबकळताना एकदा पाहिलं की त्यावर वाद घालावासा वाटत नाही.

अर्धी हजेरी कुठे गेली, ते खाली नाशिकच्या आजोबांना दिलेल्या उत्तरात आहे. पैशांतून आईला प्रेशर कुकर आणला. तिने तो अजून खोक्यातून काढलेला नाही.

मुलीला अशा अनोळखी ठिकाणी दोन महिने पाठवायला तुमचे आईवडील तयार कसे झाले?
– एक पालक, डोंबिवली

अगदीच अनोळखी नव्हतं. बागायतदारांच्या पत्नी माझ्या आईच्या हॉस्टेलमधल्या मैत्रीण. मी त्यांना मावशी म्हणते, म्हणून ते काका. तरीही बाबा तयार नव्हते. सुट्टीत टॅलीचा कोर्स करून टाक, असं त्यांचं म्हणणं होतं. आई म्हणाली, “हिला रोज पहाटे साडेपाचला दुसरं कोणीतरी उठवणार आहे, बघा बुवा.” त्यावर बाबांनी स्वतः एसटीचं तिकीट काढून आणलं.

तुम्ही पाठवणार असाल तर दोन गोष्टी आधी विचारून घ्या. एक, शेडवर संडास आहे का. आमच्याकडे नव्हता, घर पाच मिनिटांवर होतं, आणि मे महिन्यात भर दुपारी ती पाच मिनिटं फार लांब असतात. दुसरं, ट्रक भरायला रात्र झाली तर घरी सोडायला कोण येतं. विचारायला लाजू नका, मी लाजले होते.

आंबे पेटीत भरायला शिकायचं काय असतं?
– बारावीचा एक विद्यार्थी, जळगाव

केळीच्या जिल्ह्यातून हा प्रश्न यावा! मित्रा, एकदा केळीचा ट्रक भरणाऱ्यांनाही विचारून बघ.

सकाळी साडेसहाला गडी झेला घेऊन बागेत शिरतात. झेला म्हणजे लांब काठी, टोकाला जाळी आणि पातं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या ‘नूतन झेल्या’ने आंबा देठासकट उतरतो. सगळा खेळ त्या देठाचा. तो मुळाशी तुटला की चीक उडतो, सालीवर ओघळतो आणि पिकल्यावर तिथे काळा डाग दिसतो. माणसाच्या कातडीवर उडाला तर भाजल्यासारखं होतं. माझ्या डाव्या मनगटावर अजून खूण आहे.

नऊच्या सुमाराला क्रेट शेडवर यायला लागतात. आम्ही सात जणी. पहिली निवड तयार फळ आणि कोवळं फळ अशी. हापूस झाडावर पिकू देत नाहीत, ‘चौदा आणे’ तयार झाला की काढतात. रुपयाचे सोळा आणे हे मला आधी कोणीतरी समजावून द्यावं लागलं, तेही कॉमर्सच्या विद्यार्थिनीला, यावर शेड दिवसभर हसत होती. तयार आंब्याचे खांदे देठाच्या वर उचललेले असतात, देठाशी खळगी पडते, गर्द हिरवा रंग उतरायला लागतो. शंका आली तर पाण्याच्या पिंपात सोडायचा. बुडला तर तयार, तरंगला तर कोवळा.

मग आकार. चार डझनी पेटीत मोठं फळ, मग पाच डझनी, सहा डझनी. फळ लहान तसे डझन वाढतात आणि भाव उतरतो. पहिला आठवडा मी काट्यावर ठेवल्याशिवाय एक आंबा ढिगात टाकत नव्हते. शेजारी बसणाऱ्या काकी, शेडवरच्या सगळ्यांत जुन्या, दोन हातांत दोन आंबे एकदम उचलून न बघता दोन वेगळ्या ढिगांत टाकायच्या, आणि तोंडाने सुनेची गाऱ्हाणी चालू. तिसऱ्या आठवड्यात माझाही हात बसला. अडीचशे ग्रॅमचं फळ कुठलं आणि तीनशेचं कुठलं, ते बोटांना आधी कळायचं, मला नंतर.

शेवटी पेंढा. तळाला, मधल्या थरांत आणि वरून. कमी पडला तर आंबा वाटेत दबतो, जास्त झाला तर झाकण बसत नाही. पेंढा दुमडायची प्रत्येकीची रीत वेगळी असते. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे. संध्याकाळी ट्रक वाशीच्या बाजार समितीकडे निघतो, काही पेट्या थेट पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकांकडे जातात.

एवढं करून एक गोष्ट काकींनाही वरून ओळखता येत नाही, ती म्हणजे साका. दिसायला राजबिंडा आंबा, कापला की आत पांढरट, स्पंजासारखा गर. हापूसचं हे जुनं दुखणं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 1981 साली ‘रत्ना’ काढला, त्यात साका होत नाही. पुढे रत्ना आणि हापूसपासून 1992 मध्ये ‘सिंधू’ काढला, त्याची कोय तर चपटी, पातळ, नावापुरती. काकांकडे रत्नाची चार झाडं आहेत. फळ सुरेख लागतं. पण पेटीवर ‘रत्ना’ लिहिलं की गिऱ्हाईक विचारतं, “हापूस नाही का?” म्हणून तो सगळा घरातच संपतो. मला काही तक्रार नाही.

हापूस म्हणून भलताच आंबा गळ्यात मारतात. खरा कसा ओळखायचा?
– एक काकू, सांगली

काकू, बाजारात ढिगासमोर उभं केलंत तर मलाही छातीठोक सांगता येणार नाही. 2018 पासून भौगोलिक मानांकनानुसार रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर एवढ्याच जिल्ह्यांतल्या फळाला हापूस म्हणता येतं. कर्नाटकातून येणारा आंबा वाईट असतो असं नाही. तो रत्नागिरीच्या नावाच्या पेटीत घालून विकतात त्याचा राग यावा. पेटीवर बागायतदाराचं नाव आणि गाव आहे का ते बघा, आणि देठाशी वास घ्या. सगळा ढीग एकसारखा पिवळाधमक, हाताला कडक आणि बिनवासाचा असेल तर पुढे चालू लागा.

सुरकुतलेला आंबा मात्र टाकू नका. तयार फळ पिकून सुरकुततं तेव्हा ते गोड असतं, शेडवरच्या बायका तोच आधी उचलतात. कच्चा आंबा फ्रीजमध्ये ठेवू नका, तो मग धड पिकत नाही. पेंढ्यात किंवा कागदात आढी घाला, एकावर एक फार थर नकोत, आणि रोज उघडून बघायचा मोह आवरा. हे शेवटचं मला अजून जमत नाही.

लेखात तीनदा पेज आली. दोन महिने तुम्ही पेजेवरच होतात का?
– एक गृहिणी, नागपूर

दहा वाजता पेज ठरलेली. उकड्या तांदळाची, गरम, मीठ घातलेली, सोबत कैरीचं लोणचं. पहिल्या दिवशी मला ते आजारी माणसाचं जेवण वाटलं. चार घोट घेतले आणि वाटी बाजूला ठेवली. अकराला पत्र्याखाली घाम निथळायला लागला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसऱ्या दिवशी दोन वाट्या प्यायले. मेच्या सुरुवातीला साडेनऊपासूनच माझी नजर मावशीच्या दाराकडे असायची. पुण्यात माझी सकाळ चहा आणि खारीवर निघते. भूक लागणं म्हणजे काय, ते इतकी वर्षं मला नीट माहीतच नव्हतं, कारण ती लागायच्या आधीच काहीतरी खाल्लेलं असायचं.

आता तुम्हाला एक गंमत सांगते. शेडवर हापूस कोणी खात नाही. म्हणजे बंदी नाही, डागी फळ हवं तेवढं न्या म्हणून काका सांगतात. पण दिवसभर तोच वास नाकात गेल्यावर संध्याकाळी बायका पदरात बांधून नेतात ते रायवळ. वाटेवरच्या झाडाखाली पडलेले, कोणाच्या मालकीचे नसल्यासारखे, दोऱ्यादोऱ्यांचे, चोखून खायचे बारके बिटके. मावशी त्यांचं रायतं करायची. अख्खे बिटके सोलून, वाटलेलं ओलं खोबरं, मोहरी, गूळ. कोय चोखत बसायचं आणि कोपरापर्यंत ओघळ जाऊ द्यायचे. चांगला माल ट्रकने गेला आणि आम्ही रस्त्यावरचा खाल्ला, असं पुण्यात सांगितलं की लोकांना वाईट वाटतं. वाईट वाटून घेऊ नका.

एप्रिलात ओल्या काजूगरांची उसळ झाली. ती खाण्याआधी काजू सोलायची हौस मीच केली. खोबरेल लावल्याशिवाय हात घालू नको, असं मावशी आतून ओरडत होती. मी ऐकलं ते दहा-बारा बिया सोलून झाल्यावर. आठवडाभर बोटांची सालपटं निघत होती आणि त्याच बोटांनी आंबे निवडायचे होते. बरका फणस मला झेपला नाही. तो घशात सरकतो, आपण गिळायच्या आत. काप्याचे गरे मात्र मी ताटभर खात असे. आठळ्या उकडून मिठाबरोबर. पावसाळ्यासाठी त्या मातीत घालून ठेवतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

आंबापोळीसाठी डागी फळांचा रस आटवून ताटांना तूप लावून पसरायचा आणि उन्हात ठेवायचा, वाळला की वर पुन्हा थर. रविवारी दुपारी राखणीला मी. कावळ्यांना माझा अजिबात धाक वाटला नाही.

दुपारी शेडवर सात डबे उघडायचे. काकींच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी: कांदा, लाल तिखट, कोकम. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मी चार दिवस नुसता वास घेतला, पाचव्या दिवशी भाकरीचा तुकडा त्यात बुडवला, आणि सहाव्या दिवसापासून काकी माझ्या वाटची चटणी आणायला लागल्या. आई, हे वाचून झाल्यावर लगेच फोन करू नकोस.

‘स्वतःची ओळख झाली’ असं हल्ली सगळेच लिहितात. तुम्हाला नेमकी कोणती ओळख झाली, एका वाक्यात सांगाल?
– एक निवृत्त वाचक, नाशिक

आजोबा, एका वाक्यात: मी घाबरट आहे. आता बाकीची वाक्यं.

अक्षय्य तृतीयेच्या आधीचे चार दिवस शेडवर श्वास घ्यायला वेळ नसतो. त्यातल्या एका संध्याकाळी पिंपातलं पाणी गढूळ झालं होतं, बदलायचं तर विहिरीवरून आणायला हवं होतं, आणि ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. माझ्यापुढे दीड क्रेट आंबे होते. मी ते पाण्यात न सोडता, नजरेनेच निवडून दोन पेट्यांत भरले. पाच डझनी दोन, म्हणजे 120 फळं.

बारा दिवसांनी काका मोबाइल हातात घेऊन शेडवर आले. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने उघडलेल्या पेटीचा फोटो पाठवला होता. निम्मे आंबे पिकायच्या ऐवजी चिंबले होते, आंबटढाण निघाले होते. काकांनी फोटो सगळ्यांपुढे फिरवला. “ही कोणी भरली?” कोणी बोललं नाही. थेट गिऱ्हाइकांच्या पेट्या बहुतेक काकी भरायच्या, म्हणून काका त्यांच्याकडे वळले. वीस वर्षं या शेडवर काढून कोवळं फळ ओळखता येत नाही का, असं सगळ्यांदेखत म्हणाले. काकी खाली मान घालून आंबे निवडत राहिल्या. मीही आंबे निवडत राहिले, नेहमीपेक्षा जास्त काळजीपूर्वक.

दोन रात्री गेल्या. झोप लागली नाही असं लिहिलं तर खोटं होईल, दमलेल्या माणसाला लागते. पण जागेपणी मी कॉमर्सवालीसारखा सगळा ताळेबंद मांडत होते. सांगितलं तर काका आईला कळवतील. बाबा म्हणतील, टॅलीचा कोर्स केला असतास तर. काकींना काय, त्यांना ओरडा खायची सवय असेल. हे शेवटचं माझ्या डोक्यात खरोखर आलं, आजोबा. मला सगळ्यांत जास्त लाज त्याचीच वाटते, गप्प बसण्याची त्या मानाने कमी.

तिसऱ्या दिवशी सकाळी विहिरीपाशी काकांना गाठून सांगितलं. ते “बरं” म्हणाले. गिऱ्हाइकाला दोन पेट्या बदलून गेल्या आणि वहीत माझी अर्धी हजेरी लाल पेनाने कापली गेली. 175 रुपये. नुकसान त्याच्या कितीतरी पट होतं.

मग काकींकडे गेले. त्यांनी मान वर केली नाही. “मला फोटोत बघूनच कळलं होतं गो. पेंढा असा उशी भरल्यासारखा तुझ्याशिवाय कोण घालतो?”

“मग बोलला का नाहीत?”

“तुझी हजेरी कापली असती. माझी कोण कापतो? ऐन सीझनात मला घालवली तर दुसरी मिळेल काय त्यांना?” दोन आंबे दोन ढिगांत गेले. “पिंपातलं पाणी बदललंस काय आज?”

नव्हतं बदललं. मी बादली घेऊन गेले.

वीस वर्षांची होईपर्यंत मी स्वतःला खरं बोलणारी मुलगी समजत होते. घरी, कॉलेजात तशी वेळच कधी आली नव्हती. तुम्ही याला ओळख म्हणाल की आणखी काही, मला माहीत नाही. लेखात ती चार शब्दांत उरकली ती मुद्दाम. तुम्ही पकडलंत.

अशा कामाचा रिझ्युमेवर उपयोग होतो का, की इंटर्नशिपच केलेली बरी?
– टी.वाय.ची एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

मी ‘प्रतवारी व पॅकिंग’ असं लिहिलं. जुलैत एका ठिकाणी मुलाखत झाली. समोरच्या गृहस्थांनी दहा मिनिटं फक्त आंब्याबद्दल विचारलं, शेवटी काकांचा नंबर मागितला. नोकरी दिली नाही. तुला पर्याय असेल आणि घरी पैशांची गरज असेल तर पगारी इंटर्नशिप घे. बिनपगारी आणि चहा आणून देण्याची असेल तर मग आंबे भरलेले परवडतात, निदान जेवण बरं मिळतं.

मावशींच्या कुळथाच्या पिठीची कृती द्या.
– बारा वाचक, बारा गावांहून

पातेल्यात चमचाभर तेल, त्यात सात-आठ लसणीच्या पाकळ्या ठेचून. लसूण लाल होऊ द्या, इथे घाई नको. मग हिरवी मिरची, हळद, हिंग, एक बारीक चिरलेला कांदा. कांदा मऊ झाला की तीन वाट्या पाणी, मीठ आणि तीन-चार आमसुलं. उकळी येईपर्यंत वेगळ्या भांड्यात तीन मोठे चमचे कुळथाचं पीठ गार पाण्यात कालवून ठेवा. उकळत्या पाण्यात एका हाताने ते ओतायचं, दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. पाच-सात मिनिटं खदखदू द्या. वरून कोथिंबीर, असेल तर ओलं खोबरं. पातळच हवी, भातात मुरणारी. निवली की घट्ट होते, तेव्हा पाणी हात राखून घालू नका. शेडवरून परतल्यावर रात्री मऊ भात, पिठी आणि भाजलेला पापड एवढंच असायचं.

येताना मावशीने दोन किलो पीठ बांधून दिलं होतं, ते आता तळाला आलंय. परवा काकींचा फोन आला होता, सुनेच्या मोबाइलवरून. पिठी करतेस काय, म्हणून विचारत होत्या. म्हटलं, करते.

“गुठळ्या होतात काय?”

म्हटलं, होतात.